फोटोतला टॉबी आणि घरातले बाबासाहेब

राजगृहातला तो फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. फेब्रुवारी १९३४ मधला. डावीकडून यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, थोरल्या बंधूंच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद. आणि या पाच माणसांसोबत एक कुत्रा. विहारांत, वाचनालयांत, कार्यकर्त्यांच्या घरी हा फोटो असतो. आम्ही लहानपणापासून तो पाहत आलो. पण पाहत आलो म्हणजे काय, ते आम्हाला दोन वर्षांपूर्वी कळले.

श्रीरामपूर तालुक्यातील एका विहारात आम्ही मुलांशी बोलायला गेलो होतो. विषय नेहमीचा, ‘बाबासाहेबांचे जीवन व कार्य’. आम्ही महाड सांगितले, गोलमेज सांगितली, पुणे करार सांगितला, राज्यघटना सांगितली. वकील माणूस, त्यामुळे कलमांचे आकडेही सांगितले. शेवटी ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटल्यावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, ‘सर, या कुत्र्याचं नाव काय?’

मुले हसली. मागे बसलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने तिला दटावले की, असले प्रश्न विचारू नयेत, कार्याविषयी विचार. आम्हीही मोठ्या माणसासारखे हसलो आणि विषय बदलला. खरे कारण एवढेच होते की आम्हाला त्या कुत्र्याचे नाव माहीत नव्हते. वीस वर्षे व्यासपीठावरून बाबासाहेब सांगणाऱ्या माणसाला त्यांच्या घरातल्या सहाव्या जिवाचे नाव माहीत नव्हते.

घरी येऊन शोधले. नाव टॉबी. बाबासाहेबांचा लाडका कुत्रा, अशीच त्याची नोंद फोटोखाली सापडते.

तेव्हापासून आम्ही तो फोटो नीट पाहू लागलो. एखादा दस्तऐवज पाहावा तसा, तारखेपासून सुरुवात करून. १९३४ चा फेब्रुवारी म्हणजे पुणे करार होऊन दीड वर्ष झालेले. येवल्याची घोषणा व्हायला अजून दीड वर्ष आहे. राजगृह नवे आहे. पुस्तकांसाठी घर बांधणारा हा माणूस कुटुंबासह उभा आहे. एकवीस वर्षांचा मुलगा शेजारी आहे. पण या फोटोत जे नाहीत त्यांचीही नावे घ्यायला हवीत. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. पाच लेकरांपैकी चार मातीआड गेलेली. राजरत्न सर्वांत शेवटी, जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर महिनाभराने बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. ते पत्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. त्यात नेता बोलत नाही, बाप बोलतो. तीन मुलगे आणि एक मुलगी पुरली, या मुलाने तर वेगळाच लळा लावला होता आणि त्याच्या जाण्याने आयुष्याची बाग ओसाड झाली, असा त्याचा आशय आहे. सात-आठ महिन्यांनी हाच बाप महाडला चवदार तळ्याच्या काठावर उभा होता. आपण महाड सांगतो तेव्हा हे सात-आठ महिने सांगत नाही.

आणि रमाई. फोटोनंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, याच राजगृहात त्या गेल्या. त्यांच्या कष्टांवर आपल्याकडे गाणी आहेत, नाटके आहेत. परंतु बाबासाहेबांनी स्वतः त्याबद्दल काय लिहिले, ते फार थोड्यांना माहीत असते. १९२८ साली ‘बहिष्कृत भारता’त त्यांनी उघड लिहिले की, आपण परदेशात असताना या बाईने संसाराचा भार वाहिला, विपन्न दशेत शेणाचे भारे डोक्यावर वाहण्यासही ती कचरली नाही, आणि अशा पत्नीसाठी दिवसाच्या चोवीस तासांतला अर्धा तासही आपण देऊ शकत नाही. आपल्या वृत्तपत्रात, आपल्या वाचकांसमोर दिलेली ही कबुली आहे. हा मजकूर कोणत्याही वकिलाने त्यांना लिहू दिला नसता. पुढे १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ निघाला, तेव्हा रमाईंना जाऊन पाच वर्षे झाली होती. तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला आहे ‘रामू’च्या स्मृतीस, तिच्या मनाच्या चांगुलपणाची, थोरवीची आणि हालअपेष्टांत दिलेल्या साथीची आठवण म्हणून. देशाच्या फाळणीचा एवढा कठोर, आकडेवारीने भरलेला ग्रंथ, आणि त्याच्या पहिल्या पानावर घरातले लाडके नाव!

काही जण म्हणतील, बाबासाहेब कुटुंबवत्सल होते असे म्हणायचे आणि वेळ देत नव्हते असेही म्हणायचे, हे कसे? आमच्या मते दोन्ही खरे आहे, आणि ते दोन्ही खरे आहे हे स्वतः बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. तो हिशेब त्यांनी लपवला नाही. आपण कार्यकर्ते मात्र तो लपवतो. चळवळीच्या नावावर घराकडे पाठ फिरवतो आणि दाखला बाबासाहेबांचा देतो. त्यांना जी खंत आयुष्यभर वाटली, ती आपल्याला वाटतच नाही.

आता टॉबीकडे येतो.

कुत्रा पाळणे ही तशी साधी गोष्ट. मुंबईतल्या अनेक बॅरिस्टरांनी कुत्री पाळली असतील. त्यात काय मोठेसे, असे आम्हालाही आधी वाटले. पण आपल्या समाजाच्या बाबतीत जनावर हा शब्द इतका साधा नाही. गावगाड्याने आपले नाते कोणत्या जनावराशी जोडले होते? मेलेल्या. गावात गुरू मेले की ते ओढायला महार. त्याचे कातडे कोणाचे, मांस कोणाचे, यावर वाटण्या आणि भांडणे. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली ‘बलुतं’मध्ये हा महारवाडा मांडला, तेव्हा पांढरपेशे वाचक हादरले. आपल्या आज्या-पणज्यांना त्यात हादरण्यासारखे काही नव्हते. त्यांचे ते रोजचे जगणे होते. जिवंत बैल पाटलाचा. मेला की महाराचा.

हे काम वतन म्हणून गळ्यात बांधलेले होते. त्याला १८७४ च्या वतन कायद्याचा आधार होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. पुढे डिसेंबर १९३९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात हरेगावला महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली. बाबासाहेब तिथे आले, बोलले. साखर कारखान्याच्या त्या परिसरात तेव्हा किती दुरून, किती पायी माणसे आली असतील याची आज कल्पनाच करावी. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने, म्हणजे बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर. (वतने गेली, वतनाच्या जमिनींचे दावे मात्र गेले नाहीत. आमच्या कपाटात आजही त्यांच्या फायली आहेत, पण तो वेगळा लेख होईल.)

मेलेल्या जनावराशी असे बांधून ठेवायचे, आणि जिवंत जनावराच्या तुलनेत मात्र खालची पायरी द्यायची, ही या व्यवस्थेची दुसरी तऱ्हा. साताऱ्यात लहान भीमाचे केस बहिणीला कापावे लागत, कारण न्हावी हात लावायला तयार नसे. म्हशी भादरताना त्याच वस्तऱ्याला विटाळ होत नसे. चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, कुत्री-मांजरे पीत, माणसाला बंदी. ऑगस्ट १९३१ मध्ये मणिभवनात गांधीजींची भेट झाली तेव्हा बाबासाहेबांनी तोंडावर सांगितले की, ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही वाईट वागवले जाते, त्याला आम्ही मायभूमी कसे म्हणावे? हा दाखला त्यांच्या भाषणांत-लेखनात पुन्हा पुन्हा येतो. आला नसता तरच नवल.

ज्या माणसाला आयुष्यभर कुत्र्याच्या मापाने मोजून कुत्र्याच्या खाली ठेवले गेले, त्याने कुत्र्याचा राग धरला असता तर कोणी दोष दिला नसता. पण मणिभवनातल्या त्या भेटीनंतर तीन वर्षे व्हायच्या आत काढलेल्या या फोटोत त्यांच्या कुटुंबासोबत टॉबी आहे. अपमान करणारा माणूस होता, कुत्रा नव्हता, एवढा साधा विवेक त्यांनी सोडला नाही. मेलेले जनावर ओढणे सोडा असे समाजाला ठणकावून सांगणाऱ्याने स्वतःच्या घरात जिवंत जनावर आणले, त्याला नाव दिले आणि घरच्या माणसांसोबत त्याचा फोटो काढून घेतला. पुढे दिल्लीतही हे चालू राहिले. माईसाहेबांबरोबरच्या छायाचित्रांतही कुत्रा दिसतो. आपल्या समाजाचे जनावराशी असलेले नातेच या माणसाने आपल्या घरापुरते बदलून टाकले होते, असे आम्हांस वाटते. त्यावर त्यांनी कुठे भाषण केले नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आम्ही दर वर्षावासात वाचतो. त्यात बाबासाहेबांनी परंपरेतले बरेच काही गाळले आहे. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडले ही कथा त्यांनी तर्काला धरून नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे त्यांच्यातला बॅरिस्टर मान्य करणे शक्य नव्हते. इतकी कडक छाननी करणाऱ्या या लेखकाने जखमी पक्ष्याची गोष्ट मात्र ठेवली. देवदत्ताचा बाण लागून पक्षी पडतो, सिद्धार्थ त्याला उचलतो, जखम बांधतो, उराशी धरून ऊब देतो. देवदत्त हक्क सांगतो: मी पाडला, माझा. सिद्धार्थ म्हणतो: ज्याने वाचवला त्याचा. दोघेही मागे हटत नाहीत, प्रकरण लवादाकडे जाते आणि लवाद सिद्धार्थाचे म्हणणे मान्य करतो. वकील म्हणून हा प्रसंग वाचताना आम्हाला दर वेळी गंमत वाटते. मालकीहक्काचा हा दावा आहे, आणि निकाल असा की मारण्याने मालकी येत नाही, जपण्याने येते. चवदार तळे कोणाचे, हे भांडण महाडच्या कोर्टातून पार मुंबई हायकोर्टापर्यंत लढवलेल्या माणसाने ही गोष्ट सहज म्हणून ठेवली नसावी.

त्यांच्यातल्या कलावंताबद्दलही आपण कमी बोलतो. पुण्याला सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसचे बाबासाहेबांचे संग्रहालय आहे. माईसाहेबांनी जपलेल्या वस्तू तिथे आहेत. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा खुर्चीपाशी, पलंगापाशी गर्दी होती. व्हायोलिनपाशी फारसे कोणी थांबत नव्हते. जगभरची विद्यापीठे पाहिलेला, डोळे आणि पाय दुखत असलेला हा माणूस उतारवयात व्हायोलिन शिकत होता. म्हणजे विद्यार्थ्यासारखा चुकत होता, पुन्हा वाजवत होता. शिकवणाऱ्यासमोर नवशिक्या होऊन बसायला केवढे मोठे मन लागते! आमच्या ओळखीचे साधे तालुकाध्यक्षही शिकण्याच्या वयापलीकडे गेलेले आहेत. त्यांना चित्रकलेचीही ओढ होती, आणि बुद्धाचे चित्र उघड्या डोळ्यांचे हवे, असा त्यांचा आग्रह होता. डोळे मिटून ध्यानस्थ बसलेला बुद्ध सगळीकडे होता. त्यांना जगाकडे पाहणारा, जगात चालणारा बुद्ध हवा होता. गाणे तर घरातूनच आले. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी, घरात अभंग-दोहे रोजचे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, शेवटच्या रात्री, ते बुद्धवंदना ऐकत होते आणि कबीर गुणगुणत होते, असे त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे.

बागेचा नाद वेगळाच. झाडे, फुले, कुंड्या यांवर त्यांचा जीव होता. ७ जुलै २०२० च्या संध्याकाळी राजगृहाच्या आवारात समाजकंटक घुसले, तेव्हा त्यांनी कॅमेरा फोडला, काचा फोडल्या आणि कुंड्यांची नासधूस केली. राज्यभर निषेध झाला, आम्हीही निवेदन दिले. निवेदनात ‘अस्मितेवर हल्ला’ असे लिहिले. ते बरोबरच होते. पण बातमीतल्या त्या उलथलेल्या कुंड्या आणि सांडलेली माती पाहून आमच्या आईच्या तोंडून निघाले ते एवढेच, ‘झाडांनी काय केलं होतं रं?’ आम्हाला तेव्हा ते भाबडे वाटले होते.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. बाबासाहेबांचे हे हळवे रूप सांगायला लागले की चळवळीतले काही मित्र सावध होतात. त्यांचे म्हणणे असे की, सत्ताधाऱ्यांना असेच बाबासाहेब हवे आहेत, व्हायोलिन वाजवणारे, फुलांना पाणी घालणारे. म्हणजे जातिअंताचे बाबासाहेब बाजूला ठेवता येतात. ही भीती खोटी नाही. पुतळ्याला हार घालून अर्थसंकल्पातला निधी वळवणारे आपण पाहिले आहेत. पण म्हणून आपण त्यांना दगडाचे करायचे का? टॉबीला जवळ करणारा माणूस आणि चवदार तळ्यावर सत्याग्रह करणारा माणूस एकच आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच, की जिवाला जीव म्हणून पाहता की नाही.

हरेगावचे नाव वर आले. १९३९ च्या परिषदेचे हरेगाव. त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून चार दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारण्यात आले. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, आरोपी पकडले गेले. या जिल्ह्याने खर्डा पाहिले, सोनई पाहिले, तरी आम्हाला हे ऐकून दोन दिवस जेवण गेले नाही. काही शेळ्या-कबुतरे आणि चार माणसे! ज्यांनी टांगले त्यांना शेळी प्यारी होती असेही नाही. शेळी ही त्यांची मालमत्ता होती, एवढेच. तिथे देवदत्ताचाच हक्क चालला. आमच्यातला वकील त्या वेळी कलमे शोधत होता. त्याच आठवड्यात त्या मुलीचा प्रश्न आठवत राहिला, कारण तिचा विहार तिथून फार लांब नाही.

आता स्वतःचे सांगतो, नाहीतर हा सगळा उपदेश होईल. आमची थोरली दुसरीत असताना पावसात भिजलेले कुत्र्याचे पिल्लू घरी घेऊन आली. बुटाच्या खोक्यात ठेवले, दूध पाजले. त्या दिवशी घरी कार्यकर्त्यांची बैठक होती. पिल्लू रात्रभर केकाटेल, माणसे येणार, घर घाण होईल, असे म्हणून आम्ही तिला ते जिथून आणले तिथे सोडून यायला लावले. ती गेली. परत आली आणि बोलली नाही. बैठक रात्री बारापर्यंत चालली. विषय होता येत्या १४ एप्रिलची मिरवणूक आणि डीजे किती वाजता बंद करायचा. सकाळी उठून आम्ही कोर्टात गेलो. पिल्लाचे काय झाले ते आम्ही विचारलेच नाही. आता ती पुण्याला कॉलेजात आहे. टॉबीचे नाव सापडले त्या रात्री आम्ही तिला फोन करून सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘पप्पा, माझ्या पिल्लाचं पण नाव ठेवलं होतं मी.’ कोणते, ते विचारायचे धाडस आम्हाला झाले नाही.

गेल्या पौर्णिमेला पुन्हा त्या विहारात जाणे झाले. फोटोची काच तडकली होती म्हणून मंडळाने नवी फ्रेम केली होती आणि खाली पट्टी लावून नावे लिहून घेतली होती. यशवंतराव, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, माता रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव. पाच नावे, सुबक अक्षरात. ती मुलगी तिथेच होती, आता सहावीत गेली आहे. तिला बोलावून आम्ही नाव सांगितले. तिने दप्तरातून स्केचपेन काढले, मागच्या ज्येष्ठांकडे एकदा पाहिले आणि खुर्चीवर चढली. या वेळी तिला कोणी दटावले नाही. पट्टीवर मुकुंदरावांनंतर थोडी जागा उरली होती, तिथे तिने वाकड्या अक्षरांत लिहिले: टॉबी. मग उतरून लांब उभी राहून पाहिले आणि आम्हाला विचारले, ‘सर, ‘टॉ’वरचं चिन्ह बरोबर आहे ना?’